न गळलेला सेल

आमगावात मी आधी पाण्याचे पंप दुरुस्त करायचो. आता गोंदियाजवळच्या एका प्रयोगशाळेत सेंट्रीफ्यूज सांभाळतो, आणि खरं सांगतो, मजेत आहे. यंत्र मिनिटाला पन्नास हजार फेरे मारतं. त्यात अंगठ्याएवढा धातूचा सेल, सेलमध्ये दोन काचा, आणि काचांच्या मधे थोडासा नमुना. भोवतालची सगळी हवा उपसलेली असते. काचा दाबून धरणारी सेलची रिंग जराशी ढिली राहिली, की नमुना गेलाच म्हणायचा.

पंपाचा हात इथं चालत नाही. नवा होतो तेव्हा लावला जोर अन् तडकली काच! वाया गेला तो नमुना रीताचा. कामठ्याची ही पोरगी एका जुन्या धानातलं प्रथिन तीन वर्षांपासून गोळा करून राहिली होती, पीएचडीसाठी. आता तिच्याजवळ शेवटची कुपी उरली होती.

"भाऊ, हे गळलं तर मी संपली," ती म्हणाली.

"कायले गळन? मी बसलो आहो ना!"

काचा पुसल्या, गॅस्केट नवं टाकलं, रिंग मापाच्या पान्यानं तीन टप्प्यांत आवळली. मग भरलेल्या सेलचं वजन केलं. फिरवून झाल्यावर पुन्हा करायचं. घटलं तर गळती.

दुपारी यंत्र सुरू केलं. पडद्यावर प्रथिनाची रेघ नेहमीसारखी बाहेर, काठाकडे सरकत होती. मग दुसरी रेघ दिसली. ती आत येत होती, मध्याकडे. एवढ्या वेगाच्या उलट, सावकाश.

"काऊन, भाऊ?"

"यंत्राचा दोष असन," मी म्हणालो.

यंत्र थांबवलं. सेल बाहेरून कोरडा ठणठणीत होता. वजन चाळीस मिलिग्रॅम जास्त भरलं. तराजू तपासून पुन्हा ठेवलं, तरी तेवढंच.

रीताला त्याचं काय! तिचं वाचलं होतं. सिरिंजनं सगळा नमुना ओढून तिनं कुपी भरली. सेल भरलेलाच होता. दुसरी कुपी भरली. तिसरी भरली.

"बाप्पा, संपूनच नाही राहिलं!" ती हसत होती.

सातवी मी हातात घेतली. कोमट लागली.

यंत्र तर गार, वीस अंशांवर चालतं.

"आण, फ्रिजमध्ये ठेवतो," मी म्हणालो.

रीतानं सातही कुप्या ओढणीत गुंडाळून छातीशी धरल्या.

"नको, भाऊ," ती हळूच म्हणाली. "थंडी लागन त्याले."