तिसरं पिंप

गुंता सोडवायला बसून तिघांना दीड तास झाला होता आणि गुंता काही दाद देत नव्हता. जिन्याखालच्या जागेत आजोबांची गळाची काठी आडवी ठेवली होती. तिच्यावरचा तंगूस, म्हणजे मासे धरायची ती बारीक चिवट नायलॉनची दोरी, पक्ष्याचं घरटं विस्कटावं तसा फरशीवर पसरला होता.

"कात्री आणू?" टेपनं विचारलं. हा शेजारच्या शिंप्याचा मुलगा. गळ्यात कायम मोजपट्टी, आणि दिसेल ते मोजायची हौस. मांजराची शेपटीसुद्धा त्यानं सोडली नव्हती.

"कात्री आणलीस तर तुझे कान आधी कापीन," शेंग म्हणाली. उंच आणि सडपातळ म्हणून तिला सगळे शेंग म्हणत. सुट्टी लागली की ती आणि तिचा धाकटा भाऊ भुंगा आजोबांकडे राहायला येत. भुंगा आठ वर्षांचा होता आणि तोंडानं सतत काहीतरी गुणगुणायचा. आज मात्र तोही गप्प होता.

घरच गप्प होतं. सहा दिवसांपूर्वी आजोबा नेहमीसारखे घाटाच्या खालच्या पायरीवर गळ टाकून बसले होते, शेंग शेजारी होती. बोट क्लबची एक ताई शर्यतीची लांबडी नाव वल्हवत आली. आजोबांचा तंगूस तिच्या वल्ह्यात अडकला, नाव कलंडली, ताईचं कपाळ वल्ह्यावर आपटलं आणि पाणी लाल झालं. चार टाके पडले.

नदीवरचा नियम साधा होता. काठापासून शंभर फुटांवर चार लाल पिंपं तरंगत, साखळीनं तळाच्या दगडांना बांधलेली. पिंपांच्या अलीकडे गळ टाकणारे, पलीकडे नावा. ताई पिंपांच्या पलीकडूनच येत होती, हे दहा जणांनी पाहिलं होतं. आजोबांचा गळ तिसऱ्या पिंपाच्या पुढे गेला होता, हेही पाहिलं होतं. म्हणजे चूक कोणाची, हे सांगायला पंचांग उघडायची गरज नव्हती.

क्लबचे सेक्रेटरी तावातावानं पायरीवर आले. त्यांनी आजोबांना काही विचारलंच नाही. शेंगकडे वळून म्हणाले, "पोरी, खरं सांग. आजोबांना नीट दिसतं का?"

शेंगला खोटं बोलता येत नसे. ती म्हणाली, "हल्ली त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही."

झालं. तेवढ्यावर निकाल लागला. आजोबांनी काठी उचलली आणि ते पायऱ्या चढायला लागले. घरी येऊन त्यांनी काठी जिन्याखाली टाकली आणि खिडकीकडे पाठ करून बसले. आयुष्यभर बसच्या कारखान्यात फिटर म्हणून कान फाटेपर्यंत आवाज सोसलेल्या त्या माणसाला निवृत्तीनंतर एकच गोष्ट हवी होती, नदीकाठची ती शांतता. मासा लागो न लागो. पाणी काय म्हणतंय ते तंगुसातून बोटाला कळतं, असं ते म्हणत. आता ते म्हणत, माझ्या हातून एका लेकराचं कपाळ फुटलं, मी नदीवर जाणार नाही. रविवारी क्लबची सभा होती आणि काठावरून गळ टाकायला कायमची बंदी येणार होती.

शेंगला रात्री झोप लागत नव्हती. आपल्याच जिभेनं आजोबांना पायरीवरून उठवलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. निदान काठी तरी नीट करून ठेवावी म्हणून ती गुंता सोडवत होती.

"हे काय?" भुंगा एकदम म्हणाला. त्याच्या बोटात तंगुसावर बांधलेला लाल दोरा आला होता. दोरा घट्ट होता, नीट सात वेढे दिलेला. चुकून अडकलेला नव्हता.

शेंग काठी घेऊन वर गेली. आजोबांनी दोरा पाहिला नाही, नुसता चाचपला. मग म्हणाले, "दिसेनासं झालं तेव्हा डोळ्यांचं काम बोटांना दिलं, बाळा. मासे लागतात त्या डोहापर्यंत किती तंगूस लागतो ते एकदा तुझ्या आजीकडून मोजून घेतलं आणि तिथे दोरा बांधला. बोटाला दोरा लागला की रीळ थांबवायचं. त्यापुढे मी कधी सोडलंच नाही." आणि ते पुटपुटले, "त्या दिवशीही सोडलं नव्हतं, असं मला वाटत होतं. पण म्हाताऱ्याच्या वाटण्याला काय किंमत!"

शेंग जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या एकदम उतरत खाली आली. गुंता अखेर सुटला. टेपनं अंगणात तंगूस ताणून लाल दोऱ्यापासून गळापर्यंत मोजला. त्याची पट्टी पाच फुटांची होती. ती बरोबर तेरा वेळा बसली.

"पासष्ट फूट," टेप म्हणाला. "आणि पिंप शंभरावर. मग गळ पिंपापुढे गेला कसा?"

"दहा जणांनी पाहिलं," भुंगा म्हणाला.

"म्हणजे आजोबाही खरे आणि ते दहा जणही खरे," शेंग सावकाश म्हणाली. "मग खोटं कोण? पिंप?"

पिंपावर संशय घ्यायचं आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिघं पायरीवर गेली. शेंगनं गळ काढून त्या जागी तारेचा बोथट आकडा बांधला. आजोबांनी शिकवल्याप्रमाणे आधी वरच्या अंगाला पाहिलं, मग खालच्या. एकही नाव नव्हती. तिनं आकडा फेकला. तो पिंपाच्या बराच डावीकडे पडला. दुसऱ्यांदा उजवीकडे. तिसऱ्यांदा टेपच्या टोपीत. सातव्या खेपेला आकडा पिंपापलीकडे पडला आणि ओढता ओढता साखळीत अडकला. टेपनं तंगुसावर खूण केली, शेंगनं ढील दिली, आकडा सुटून आला आणि मोजणी झाली.

बावन्न फूट.

"पाण्यावरचं अंतर डोळ्याला कळत नाही, असं आजोबा म्हणतात ते उगाच नाही," टेप म्हणाला. "अख्खं पिंप अठ्ठेचाळीस फूट चालत आलं आणि गावाला पत्ता नाही!"

पण पिंपाला पाय थोडेच असतात? कोणीतरी ते आणत होतं. तिघं झाडामागे दबा धरून बसली. सकाळी नावा गेल्या-आल्या, कोणी पिंपाला हात लावला नाही. दुपारी एक वाजता सहलीची लाँच धडधडत आली. प्रवाशांना धक्क्यावर उतरवून लाँचवाले काका जेवायला शांत जागा शोधत तिसऱ्या पिंपापाशी आले. त्यांनी पिंपाच्या कडीला दोर बांधला. पण तिथे ऊन होतं. सावली होती काठाजवळच्या झाडाखाली. काकांनी दोर तसाच ठेवून इंजिन चालू केलं आणि लाँच सावलीकडे ओढली. दोर ताणला गेला, पिंप कलतं झालं, लाँच हवी तेवढी सावलीत आली. काकांनी डबा उघडला आणि जेवून तोंडावर रुमाल टाकून घोरायला लागले.

लाँच निघून गेल्यावर शेंगनं पुन्हा आकडा टाकला. साडेपन्नास फूट!

"रोज दीड फूट," टेपनं बोटांवर हिशेब केला. "लाँच सुरू होऊन बत्तीस दिवस झाले. बत्तीस दिडे अठ्ठेचाळीस. चोख!"

भुंगा तिथल्या तिथे ओरडणार होता, शेंगनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मुलांचं ऐकणार कोण? टेपनं आपल्या वडिलांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, सुट्टीत पोरांना उद्योग नसला की पिंपंही चालायला लागतात. तेव्हा शेंग एकटीच त्या ताईच्या घरी गेली.

ताईच्या कपाळावर पट्टी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी पिंप धरूनच नाव चालवत होते गं. पिंपाकडेच बघत होते. काठावर माणूस बसलंय, हे मी पाहिलंच नाही." तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. "उद्या मी येते. पण आमचे सेक्रेटरी तक्रार ऐकायला यायचे नाहीत. माफी ऐकायला मात्र धावत येतील."

शेंगनं निरोप धाडला, माफीचं बोलायचं आहे, दुपारी एकच्या आधी पायरीवर यावं. ताई आधीच येऊन पायरीवर बसली होती. सेक्रेटरी पाऊण वाजताच हजर झाले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"हं, बोल," ते म्हणाले.

"आधी एवढं धरा, काका," शेंग म्हणाली. आकडा तिनं आधीच पिंपाच्या साखळीत अडकवला होता. तिनं ताठ ताणलेला तंगूस त्यांच्या बोटांत दिला. "हातातून सोडू नका. माफीचं लगेच बघू."

सेक्रेटरी चक्रावून उभे राहिले. लाँच आली. लाँचवाल्या काकांनी दोर बांधला, इंजिन सुरू केलं, सावलीकडे निघाले. सेक्रेटरींच्या हातातला ताठ तंगूस हळूहळू सैल पडला आणि त्यांच्या बुटांपुढच्या पाण्यात लोंबायला लागला.

ते हाताकडे बघत राहिले, मग पिंपाकडे. "हे... हे इकडे आलं?"

"रोज येतं," टेप म्हणाला आणि त्यानं पट्टी पुढे केली. "हवं तर स्वतः मोजा."

सेक्रेटरींनी मोजलं. दोनदा मोजलं. एकोणपन्नास फूट. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हाक मारून लाँचवाल्या काकांना बोलावलं. काका आले आणि सगळं ऐकून पायरीवर मटकन खाली बसले. "दगडाला बांधलंय म्हटल्यावर हलेल असं वाटलं नाही हो," ते म्हणाले. "माझ्या सावलीपायी त्या पोरीचं कपाळ फुटलं?" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. त्यांना रागवायचं कोणाला सुचलं नाही.

तोवर भुंगा आजोबांचा हात धरून त्यांना घेऊन आला होता. सेक्रेटरी पुढे झाले. "चूक आमची आहे. पिंपं टाकली त्याला चार वर्षं झाली, एकदाही मोजली नाहीत. तुम्हाला न विचारताच दोषी धरलं. बंदीचा विषय मी आजच काढून टाकतो." आणि तिघा मुलांकडे वळून म्हणाले, "आमच्या अख्ख्या कमिटीला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

आजोबा म्हणाले, "चूक थोडी माझीही आहे. मी तंगुसाकडे बघत होतो, ही पोर पिंपाकडे. एकमेकांकडे कोणी बघितलं नाही. पिंप जागेवर न्या, पण घाटाजवळ आलात की हाकही मारत जा. मी काठी उचलीन."

"मारीन, आजोबा," ताई म्हणाली.

माणसं पांगली. शेंग मात्र खाली मान घालून उभी होती. सहा दिवस, आणि वर दोन दिवस, मनात अडकलेलं तिला आता बोलावंच लागलं. "आजोबा, त्या दिवशी मी तुमच्या डोळ्यांबद्दल बोलले. म्हणून हे सगळं झालं."

"खोटं बोललीस का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? मला दिसत नाही, हे खरंच आहे." त्यांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं शोधावं, असं एकाही मोठ्या माणसाला वाटलं नाही. मलासुद्धा नाही. मी माझी बाजू सोडून दिली होती, पोरी. तू नाही सोडलीस."

शेंगला हुंदका आवरला नाही आणि आजोबांनी तिला आवरायला सांगितलंही नाही. ती शांत झाल्यावर ते पायरीवर टेकले आणि म्हणाले, उद्या पहाटे यायचं तर आजच गांडुळं उकरून ठेवायला हवीत.