खोडीसकट

"डोळे कुठे ठेवलेत तुमचे?"

संघमित्रा सुयशला पहिल्यांदा जे बोलली ते हेच. हे वाक्य पुढे आपल्याच घशात काट्यासारखं रुतून बसणार आहे, हे तिला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर तिने जीभ चावली असती. पण जळगावचं मे महिन्याचं ऊन, तापलेला पत्रा आणि पायाशी विखुरलेली तिची सगळी हत्यारं… अशा वेळी माणूस गोड कसं बोलणार?

हायवेलगत रुपचंदभाऊंचं यार्ड होतं. श्रीमंतांनी वापरून सोडलेल्या महागड्या गाड्या तिथे यायच्या, धुऊन-पुसून दुसऱ्याच्या दारात जायच्या. त्यांची किंमत करायचं काम संघमित्रा बिऱ्हाडेचं. त्या दुपारी ती एका जर्मन गाडीच्या दाराशी स्टुलावर बसली होती आणि डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवत होती. तेवढ्यात उन्हातून सावलीत आलेला एक उंच तरुण थेट तिच्या पेटीला अडखळला. पाने-पक्कड, टॉर्च, सगळं फरशीवर.

"डोळे? तुमच्याकडे होते," तो गुडघ्यांवर बसून चाचपत पाने गोळा करू लागला. "पण तुमचेच मिटलेले. म्हटलं, इथे तशी पद्धत असेल."

"रंग परत मारलेला असला की डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं."

"हात कधी फसत नाही?"

"गाडीवर तरी नाही."

"माणसावर?"

तिने पान्यासाठी हात पुढे केला. पाना परत घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि — खरं सांगायचं तर — तिने हात लगेच मागे घेतला नाही.

सुयश तायडे धुळ्याचा. साक्रीकडच्या सोलर प्रकल्पांना सामान पुरवायचा, पैसा बरा होता. आला होता इलेक्ट्रिक गाडी विकायला. तीही जेमतेम सहा महिने वापरलेली.

"का विकताय? चार्जिंगचा ताप झाला?"

"नाही हो. चालवून झाली."

"जेवून झालं म्हणावं तसं म्हणताय! शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हाच निम्मा मान गेला हिचा. जुन्या बाजारात इलेक्ट्रिकला गिऱ्हाईक बिचकतं, बॅटरीत काय दडलंय ते वरून दिसत नाही. आता सोडलीत तर चांगलंच नुकसान होईल."

"वरून दिसत नाही म्हणून बिचकतात?" तो हसला. हसताना क्षणभर त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला. "शहाणी आहेत माणसं."

किंमत ठरवायची रीत या यार्डात न्यारी होती. रुपचंदभाऊंचे वडील बैलबाजारात दलाल. तिथे भाव कधी चारचौघांत बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं धरायची, आणि बोटांनीच ओढाताण करायची. भाऊंनी बैल सोडले, गाड्या धरल्या, पण रुमाल काही सोडला नाही. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला तेव्हा ते काम संघमित्राकडे आलं.

"तोंड खोटं बोलस पोरी, बोटं नही बोलतस," भाऊ खुर्चीतून म्हणायचे.

तिने सुयशला रीत समजावली. एक बोट म्हणजे पाच लाख. अंगठा दाबला की सौदा पक्का, आणि रुमालाखालचा शब्द मागे फिरत नाही.

"आणि सगळा पंजा धरला तर?"

उत्तर भाऊंनी दिलं. "बठ्ठा! सगळा माल लिधा, खोडीसकट. मंग निवडानिवड नही, तक्रार नही. मी उभ्या जन्ममा एकदाच धरेल शे. तठे ती बठेल शे." त्यांनी हिशेबाच्या टेबलाशी बसलेल्या आपल्या बायकोकडे हनुवटी केली. ती बाई लाजून खाली बघू लागली.

रुमाल पडला. सुयशचा हात गार होता, मे महिन्यात. तिने तीन बोटं धरली, त्याने चार केली, तिने पुन्हा तीन. मग त्याचा अंगठा तिच्या तळव्यावर आला आणि दाबायचं सोडून नुसताच टेकून राहिला…

"साहेब, दाबायचा असतो तो."

"दाबला की हात सोडावा लागेल ना?"

तिचे कान तापले. भाऊ मोठ्याने खाकरले.

मग तो येतच राहिला. आज काळी गाडी घेऊन जायचा, दिवाळीला ती परत आणून पांढरी न्यायचा, मग उघड्या टपाची, मग पुन्हा इलेक्ट्रिक. दर वेळी तोटा, दर वेळी रुमाल. नवी गाडी नेण्याआधी फेरी मारायची, आणि फेरीला संघमित्रा शेजारी. भडगावच्या वाटेवर केळीच्या बागांमधून गाडी धावायची, काचा खाली असायच्या, ओल्या मातीचा आणि केळीच्या पानांचा वास आत यायचा. सुयश बघताना मान पुरती वळवून बघायचा. तिच्याकडेही तसाच, अख्खा वळून. असं कुणी बघितलं की पोरीच्या जातीने करायचं तरी काय?

"तुम्हाला एक गाडी धरून ठेवता येत नाही का हो?"

"धरून ठेवलं की भाव पडतो. तुम्हीच शिकवलंत."

"सगळ्याच गोष्टींचा पडत नाही."

"कशाचा नाही पडत?"

तिने बाहेर बघितलं. मग म्हणाली, "आज संध्याकाळी थांबा. मेहरूण तलावावर जाऊ. तिथे सांगते."

सुयशने घड्याळ पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "संध्याकाळी नाही. मला उजेडात धुळं गाठायचंय."

असं तो नेहमीच करायचा. ऊन कललं की उठलाच. चहा अर्धा, बोलणं अर्धं. घरी तिची आई, उषाबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "जो माणूस गाडी सहा महिने ठेवत नाही, तो बायको किती ठेवेल गं?" संघमित्राला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिचं प्रेम बसलं होतं, आणि ते चुकीच्या माणसावर बसलंय असं तिला मनापासून वाटत होतं. वाईट याचं की तसं नव्हतं. खरं ते त्याहून वाईट होतं.

ते तिला तिच्या तळव्याने सांगितलं. पुढच्या वर्षीच्या थंडीत त्याने चौथी गाडी परत आणली. ती नेहमीप्रमाणे डोळे मिटून हात फिरवत होती. डाव्या दाराखाली लांब ओरखडा. डाव्या चाकाची कड घासलेली. डावा आरसा बदललेला. हात तिथेच थांबला. आधीच्या गाडीचंही डावंच दार होतं… त्याच्या आधीचीही डावीच बाजू. उजवीकडे एकदाही नाही. आणि ऊन कललं की पळणारा माणूस, सावलीत शिरताच पेटीला अडखळणारा माणूस, पाने चाचपत गोळा करणारा माणूस.

तिने मोठा पाना घेतला, त्याच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली आणि पाना त्याच्या कानाजवळ धरला. तो समोर बघत भाऊंशी हवापाण्याचं बोलत राहिला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"सुयश," ती पहिल्यांदा नावाने बोलली. "तुला दिसत नाही."

तो दचकून वळला. मग हळूच तिथल्याच स्टुलावर बसला.

"आधी कडा जातात," तो म्हणाला. "मग अंधारातलं. मग नळकांड्यातून बघावं तेवढं उरतं, मग तेही नाही. डावा पुढे गेलाय, उजवा त्याच्यामागे निघालाय. माझे मामा भुसावळला रेल्वेचे ड्रायव्हर होते. पस्तिशीत त्यांना इंजिनावरून उतरवलं. पुढे सगळा जन्म ओसरीत बसून गाडीच्या शिट्ट्या ऐकल्या… कुठली गाडी, किती उशीर, बरोब्बर सांगायचे. मला तसं बसायचं नव्हतं, संघमित्रा. म्हटलं, दिसतंय तोवर एकेक चालवून घेऊ. सगळ्या."

"म्हणून सहा सहा महिने?"

"मला कुठे रिसेल बघायचाय? माझाच भाव उतरतोय."

आजची नवी गाडी मागे तयार उभी होती आणि चावी तिच्या खिशात होती.

"चावी दे," तो म्हणाला. "ही शेवटची. दिवसाउजेडीच चालवीन."

"नाही."

"मी गिऱ्हाईक आहे इथे."

"म्हणूनच देत नाही. रस्त्यावर तू एकटा नसतोस."

त्याचा चेहरा काळवंडला. "तुझ्याकडून दया नको होती मला," म्हणाला आणि हात पुढे केला. रुमालासाठी नव्हे, चावीसाठी. तिने दिली नाही. सुयश टॅक्सी करून गेला, आणि काही दिवसांनी कळलं की त्याने धुळ्यातच दुसऱ्या कुणाकडून गाडी घेतली. इलेक्ट्रिक.

संघमित्राने फोन केले, त्याने उचलले नाहीत. एकदा ती एसटीने धुळ्याला त्याच्या ऑफिसात गेली. तिथला माणूस म्हणाला, साहेब साइटवर आहेत. खाली फाटकात मात्र नवी गाडी उभी होती. तिने वाकून डाव्या दारावरून हात फिरवला. ओरखडा पडलेलाच होता.

व्हायचं ते फाल्गुनात झालं. पारोळ्याच्या अलीकडे, दिवेलागणीला. द्रौपदाबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन डाव्या कडेने घरी निघाली होती. इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो. तिला ती ऐकू आली नाही, आणि त्याला ती दिसली नाही.

दोन शेळ्या जागीच गेल्या. द्रौपदाबाई वाचली, पण कंबर मोडली. डॉक्टर म्हणाले, आता खाटेवरून उठणं कठीण. सुयशने पळ काढला नाही. म्हातारीला उचलून दुसऱ्या गाडीत घातलं, स्वतः पोलिसांत गेला, डोळ्यांसकट सगळं सांगितलं, आणि लायसन तिथेच टेबलावर ठेवून आला. केस उभी राहिली.

त्यानंतर एका दुपारी भाड्याच्या ड्रायव्हरने ती गाडी यार्डात आणली. पोलिसांकडून सोडवून आणलेली, डाव्या बाजूने चेचलेली. सुयश शेजारच्या सीटवर होता. वाळला होता. उतरताना त्याने पाय आधी हवेत फिरवला, मग जमिनीला टेकवला.

"विकायची आहे," तो म्हणाला. "पैसे त्या आजीच्या घरी द्यायचेत."

संघमित्राने गाडी तपासली. खोटी दया केली नाही, कमी-जास्त काही केलं नाही. भाऊंच्या बायकोने न सांगता रुमाल आणून दिला. त्याखाली त्याचा हात पहिल्या दिवसासारखाच गार होता. तिने एकच बोट धरलं. त्याने लगेच अंगठा दाबला.

"घासाघीस नाही?"

"कशावर करू? ठोकर खाल्लेली गाडी आहे…" तो थांबला. "संघमित्रा, तू चावी दिली नाहीस तेव्हा मी तुला शिव्या घातल्या होत्या मनात. ती म्हातारी कण्हते ना, तेव्हा मला तूच आठवतेस. तू म्हणाली होतीस, रस्त्यावर मी एकटा नसतो."

"मी आले होते धुळ्याला."

"माहीत आहे. वरच्या खिडकीतून बघत होतो. तू दारावरून हात फिरवलास… उतरून यायला हवं होतं. मला लाज वाटली. झालं आता. गाडी संपली, इकडे यायचं निमित्तही संपलं. सोड हात."

तिने सोडला नाही.

रुमालाखाली तिची बोटं सरकली. आधी करंगळी, मग बाकीची, आणि तिने त्याचा सगळा पंजा आपल्या पंजात घट्ट धरला. त्याने हात ओढून बघितला.

"वेडी आहेस का? दरवर्षी उतरणारा माल आहे हा. उद्या तू समोर उभी असशील आणि मला दिसणार नाहीस. वर केस, वर ती म्हातारी, रोज."

"भाव करायचं काम माझं आहे. ते मला शिकवू नकोस."

"आणि ती खाटेवर पडलीय ती माझी खोडच आहे. ती कुठल्या रंगाखाली झाकणार आहेस?"

"झाकायची कशाला? बठ्ठा म्हटलं ना मी." आता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "मला तू हवा आहेस, सुयश. त्या पहिल्या दिवसापासून. खोडीसकट."

हायवेवरून ट्रक गेले, पत्रा वाऱ्याने वाजला. सुयश मान पुरती वळवून तिच्याकडे बघत होता, तिचं नाक, कपाळावरची बट, ओले गाल, एकेक करून, उरलेल्या नजरेत मावतील तसे. खूप वेळाने त्याचा अंगठा हलला. तिच्या तळव्यावर आला… आणि दबला.

भाऊंनी चांगल्या हाताने डोळे पुसले. "जाय पोरी," ते म्हणाले, "आज सुट्टी शे तुले."

पारोळ्याची एसटी थोड्या वेळात होती. द्रौपदाबाईला रोज कुणीतरी भरवावं लागायचं, आणि आज संध्याकाळची पाळी सुयशची होती. दोघं फाटकातून बाहेर पडले. ऊन कलायला लागलं होतं, पण या वेळी त्याने घड्याळ पाहिलं नाही. उजवी बाजूही कधीतरी जाणार होती, ते दोघांनाही माहीत होतं. संघमित्राने रुमाल खिशात घातला, सुयशला वळसा घातला आणि ती त्याच्या डाव्या बाजूने चालू लागली.