पावणेसहाचा झेंडा

पाऊस वरून पडायचं सोडून बाजूनं येत होता. मॅरेथॉनच्या सुरुवातीला हजारभर माणसं कुडकुडत उभी होती. त्यांत एक मुलगी, कचऱ्याच्या काळ्या पिशवीला डोक्यापुरतं आणि हातांपुरतं भोक पाडून ती अंगात घातलेली. कपडे दुरुस्त करायच्या दुकानात ती काम करायची. अंगानं बारीक, जिभेनं टोकदार. म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत.

फाटकन एक ओला झेंडा तिच्या तोंडावर आपटला.

“अहो! सांभाळा की!”

“सॉरी, सॉरी... वारा.” झेंडेवाला उंच होता, पापण्यांवरून पाणी निथळत होतं.

“कोण तुम्ही?”

“पावणे—” पुढचं वाऱ्यानं पळवलं.

“पाहुणे? मग मंडपात जाऊन खुर्चीवर बसा! इथं चिखलात कशाला तडफडताय?”

तो हसला. आणि त्या भुरकट सकाळी कुणीतरी खिडकी उघडावी तसं झालं.

“पावणेसहा! ह्या झेंड्यामागं जो पळेल, त्याला पावणेसहा तासांत पोचवायचं, हे माझं काम. सहा तास झाले की शेवटची कमान उतरवतात ना.”

कमान उतरवतात, हे टाचणीला कुणी सांगायला नको होतं. गेल्या वर्षी बेचाळीस किलोमीटर पळून ती पोचली, तेव्हा दोन माणसं कमानीची दोरी गुंडाळत होती. एकानं मायेनं विचारलं होतं, “ताई, काही हरवलंय का?” ती ‘नाही’ म्हणाली आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. यंदाही तसंच झालं, तर बूट कुणालातरी देऊन टाकायचे, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

“झेंड्याची शिवण उसवलीय,” ती म्हणाली. छातीवरच्या नंबराच्या चारपैकी दोन पिना काढून तिनं झेंडा काठीला गच्च टोचला. “आता नाही सुटायचा. चला, पावणे!”

ते नाव त्याला चिकटलंच. त्याच्यामागं पळणारी वीस-बावीस माणसं तासाभरात त्याला पावणे म्हणू लागली.

“एरवी काय करता?” डबकं चुकवत तिनं विचारलं.

“शाळेची बस चालवतो.”

“मग पोरं रडवत असतील.”

“उशिरा येणारी रडतात. मी थांबत नाही. एकासाठी थांबलं की चाळीस जणांना उशीर.”

“बाई गं... दगडच आहात!”

“ओला दगड,” तो म्हणाला, आणि तिला हसताना ठसका लागला.

चौतिसाव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत गोळा आला. पाय लाकूड झाला. ती कठड्याला धरून वाकली. झेंडा चार पावलं पुढं गेला आणि... रेंगाळला. मागची सगळी मंडळीही रेंगाळली.

“काय झालं?”

“काही नाही. निघा तुम्ही.”

“जरा दाबून बघा, मी...”

“थांबलात तर याद राखा! एकासाठी थांबलं की काय होतं?”

“ते... मुलांचं झालं.”

“मागं बघा जरा. ही काय वेगळी आहेत?” मागं पांढऱ्या केसांचे एक निवृत्त मास्तर चष्म्याच्या ओल्या काचांतून नुसत्या झेंड्याकडे बघत होते. “जा ना, पावणे...”

तो गेला. पावसात झेंडा बोटाएवढा झाला, मग नखाएवढा, मग नुसताच पाऊस.

मशीनवर बसल्यावर गुणगुणायची तिला सवय होती. दातांवर दात दाबून, पोटरी चोळत तिनं स्वतःपुरती ओवी जुळवली:

*वारा गं द्वाड, पाऊस गं खट्याळ,*
*पायांनो बाळांनो, धरा तेवढा ताल...*

एक पाऊल. दुसरं. लंगडत, मग चालत, मग धावल्यासारखं काहीतरी.

शेवटच्या वळणावर भोंग्यातून आवाज आला, “पाच मिनिटं राहिली!” आणि कठड्यापलीकडच्या फुटपाथवरून कुणीतरी तिच्या बरोबरीनं पळू लागलं. हात रिकामे, ओठ थंडीनं निळे.

“झेंडा?”

“पोचवला. मास्तरांसकट सगळे पोचले. एक सोडून.”

“तुम्ही... मागं कशाला...”

“फेरी संपली की माझा वेळ माझा असतो. बोलू नका, दम जाईल. मी बोलतो, तुम्ही पळा.” त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. “बारा वर्षं मी कुणासाठी थांबलो नाही. आज पाय पुढं गेले आणि... बाकीचा मी तिथंच राहिलो. कठड्याशी. तुमच्यापाशी.”

टाचणीला रडूही फुटलं आणि हसूही. कुठलं आधी येऊ द्यावं, हे ठरवायला वेळ नव्हता. ती सुटली.

पाच तास अठ्ठावन्न मिनिटं. कमान अजून उभी होती, वाऱ्यानं पोट फुगवून, डुलत.

गळ्यात पदक घालून ती पायरीवर मटकन बसली. तो शेजारी बसला, मध्ये एका माणसाची जागा ठेवून.

“उद्या... भेटाल?”

“उद्या? मी तिसऱ्या मजल्यावर राहते. उद्या मला जिना उतरता येणार नाही.”

“मी चढून येईन.”

“तुमचे पाय तरी जागेवर असतील का?”

“एकेका पायरीवर बसत येईन.”

ती मग सरकली, मधली जागा भरून टाकेपर्यंत.

“मग ये,” ती म्हणाली. “सावकाश ये.”

‘या’चं ‘ये’ झालेलं दोघांनाही ऐकू आलं. पण दिवसभर दुसऱ्यांचं दुरुस्त करत बसणाऱ्या टाचणीनं ते तेवढं तसंच राहू दिलं.