वरचा थर

त्या दिवशी कानिफनाथ घोडेगावात बोअर मारत होता. कंप्रेसरच्या आवाजात मोबाईल ऐकू येत नाही. दोनशे ऐंशी फुटांवर नवा रॉड जोडायला मशीन थांबवलं, तेव्हा मेव्हण्याचे अकरा कॉल येऊन गेलेले दिसले. बारावा त्यानं उचलला.

"दाजी," हनुमंत म्हणाला, "अक्का गेली."

शाळेत शिकवायला जाताना त्याच्या बायकोच्या, रोहिणीच्या स्कूटीला उसाच्या ट्रॉलीनं धडक दिली होती. कानिफनाथनं हातातला पाना खाली ठेवला. मग उचलून त्याच्या जागेवर ठेवला. दुसरं काय करावं ते सुचेना.

ती पहिल्यांदा भेटली तेव्हाही हेच मशीन चालू होतं. चार वर्षांपूर्वी, अकोले तालुक्यातल्या तिच्या शाळेच्या आवारात. नाकाला ओढणी लावून ती वर्गातून तडक बाहेर आली.

"ढीग तुडवू नका, मॅडम."

"आणि तुमची भुकटी आमच्या वर्गात शिरली, ती?"

"ती वाऱ्यानं नेली. ढीग माझे हायेत. दर वीस फुटाला निघालेल्या भुकटीचा एक."

ती रागवायचं विसरली. खाली बसून तिनं एकेका ढिगातली चिमूट घेतली. पिवळा मुरूम, मग लाल, मग निळसर काळा दगड...

"प्रत्येकातला पिशवीभर द्याल?"

"भिंत लिंपायची हाय का?"

"डोंगर करायचाय."

ती भूगोल शिकवायची. माशांची जुनी काचपेटी घेऊन तिला जपानचा फुजी ज्वालामुखी मुलांना उभा कापून दाखवायचा होता. आपल्याकडचा लाव्हा भेगांतून वर आला आणि पसरला, ती म्हणाली. फुजी मात्र लाव्हा, राख, पुन्हा लाव्हा असा चढत गेला. त्याच्या पोटात त्याच्याहून जुने डोंगर गाडलेले आहेत.

आठव्या दिवशी ती तासावर असताना कानिफनाथनं पिशव्या आणून पेटी भरूनही टाकली. तिनं येऊन बघितलं आणि ओठ दाबले.

"तुम्ही डोंगर उलटा भरलात."

खरंच होतं. बोअरमध्ये आधी हाती लागतो तो वरचा थर. त्यानं तोच तळाशी घातला होता.

"आमचं काम असंच असतं," तो ओशाळला. "आधी शेवटचं, मग जुनं."

"मग बोलताही तसंच?" ती पेटी रिकामी करत होती. वर न बघता म्हणाली, "आठ दिवस झाले, काहीतरी सांगायचंय तुम्हाला. बोअर तर परवाच संपली. शेवटचं आधी सांगा."

त्यानं हाताची भुकटी पँटला पुसली.

"तुमच्याशी लगीन करायचं हुतं."

तिचा हात पेटीतच थांबला. "आणि त्याच्या आधीचं?"

"तुमचं नाव इचारायचं राह्यलंय..."

ती इतकी हसली की भुकटी उडून दोघांच्या डोळ्यांत गेली.

लग्नानंतरही पेटी अपुरीच होती. सर्वांत वरचा थर फुजीच्या सतराशे सातच्या, शेवटच्या उद्रेकाचा. आधी पांढरट राख पडली, मग काळी. लांबच्या शहरात भर दिवसा दिवे लावावे लागले. पांढरट थर तिनं घातला. काळ्यासाठी तिला नागापूरच्या फाउंड्रीतली, ओतकामाच्या साच्यांची जळकी वाळू हवी होती. कानिफनाथ दर महिन्याला मशीनच्या कामाला नागापूरला जायचा आणि दर महिन्याला विसरून यायचा.

"तेव्हापासून फुजी गप्प आहे," ती म्हणायची. "पण विझला असं कुणी म्हणत नाही. तुमच्यासारखाच. कधी बोलाल आणि कधी वाळू आणाल, काही नेम नाही."

"आणतो की. पळून चाललीय व्हय वाळू?"

तेराव्यानंतर तो नागापूरला गेला. वाळू फुकट मिळाली. पाच मिनिटांचं काम होतं. तिथून तो थेट तिच्या शाळेत गेला. पेटी खिडकीजवळ होती. काचेवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, खालून वर. सर्वांत वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, '१७०७, काळी राख'. त्या चिठ्ठीसमोर पेटीत बोटभर जागा मोकळी होती.

त्यानं पिशवीचं तोंड सोडलं. हा थर पडला की तिचं काम संपणार होतं. त्यानं तोंड पुन्हा बांधलं.

पिशवी आता गाडीत सीटमागे आहे. वरचा थर अजून घालायचा आहे.