टाकी रिकामी असल्याचा दिवा

तेरा किलोचं ओझं छातीशी धरून ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, तेव्हा आतल्या माणसाच्या एका डोळ्याला भिंग लावलेलं होतं. त्या डोळ्यानं तो एका घड्याळाच्या पोटात बघत होता आणि दुसऱ्या, उघड्या डोळ्यानं तिच्याकडे.

"हे घड्याळ नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. कॉफीचं मशीन आहे. कुठे ठेवू ते सांगा, माझे हात आता गळून पडतील."

त्यानं लगबगीनं टेबलाचा कोपरा रिकामा केला. "पण इथे फक्त घड्याळं दुरुस्त होतात."

"पाटीवर तर नुसतं 'दुरुस्ती' लिहिलंय."

त्यानं बाहेर जाऊन मान वर करून बघितलं. उन्हासाठी बांधलेली ताडपत्री घसरून अर्ध्या पाटीवर आली होती. 'घड्याळ' तिच्याखाली, 'दुरुस्ती' तेवढी उन्हात. आत आला तेव्हा तो हसू दाबत होता.

"तरीच," तो म्हणाला. "परवा एक काका मिक्सर घेऊन आले होते."

"मग? परत पाठवलंत?"

"नाही… दुरुस्त झाला तो."

तिला घरी-दारी सगळे 'शंका' म्हणत. शाळेत प्रत्येक तासाला तिचा हात वर असायचा — बाई, एक शंका आहे — म्हणून दादानं ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. आता ती पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर बाटल्यांमधलं पाणी तपासायचं, कशात काय किती विरघळलंय ते लिहायचं. मशीन दादा-वहिनीचं. गाव सोडून जाताना वहिनीनं ते तिच्या गळ्यात घातलं होतं. पहिल्याच दिवशी टाकी भरून शंकानं बटण दाबलं आणि लाल दिवा लागला : टाकी रिकामी आहे. टाकी काठोकाठ भरलेली. दिवा ढिम्म. तो आजतागायत.

घड्याळजीनं मशीनभोवती एक चक्कर मारली. समोर एक गोल तबकडी होती, दाब दाखवणारी. तिच्यात एक काटा.

"काटा आहे की," तो एकदम खूश होऊन म्हणाला. "म्हणजे घड्याळच म्हणायचं. उघडू?"

शनिवारी तिची सुट्टी दुपारपासून. त्याच्याकडे शनिवारी दुपारी चिटपाखरू नसे. तेव्हा शनिवार ठरला.

पहिल्या शनिवारी त्यांनी नुसतं झाकण काढलं आणि दोघं बराच वेळ आत बघत राहिले. तो स्क्रू काढून बशीत ओळीनं मांडायचा, ती प्रत्येक भागावर चिठ्ठी चिकटवायची. मागे पाण्याची टाकी, तिच्या तळाशी पोलादाच्या दोन बारीक कांड्या. मग मुठीत मावेल एवढा पंप. त्याच्या पलीकडे पितळेचा बॉयलर आणि त्याच्या पाठीला चिकटलेला तापमान सांभाळणारा बटणाएवढा तुकडा.

"आणि ही स्प्रिंग?" त्यानं विचारलं.

"झडप आहे. दाब फार वाढला की ती उघडते आणि जास्तीचं पाणी गुपचूप टाकीत परत जातं."

"प्रत्येक घरात असावी अशी."

"आमच्याकडे वहिनी होती ना."

तो हसला. हसला की भिंगाच्या वळापाशी — डोळ्याभोवती सदा उमटलेला असायचा तो — एक बारीक सुरकुती पडे. शंकानं हे पहिल्याच शनिवारी टिपून ठेवलं. सवय, दुसरं काय.

दुसऱ्या शनिवारी पुढचा भाग. जिथून गरम पाणी कॉफीवर पडतं तिथली झारीसारखी जाळी, तिच्याभोवतीचं रबरी कडं, आणि लांब दांडीचा तो जाड चमचा, ज्याच्यात कॉफीची चाळणी बसते. कडं कडक होऊन तडकलं होतं. त्यानं जाड रबर कापून नवं केलं, केसाएवढीही फट न ठेवता. ती त्याची बोटं बघत होती. त्यानं वर बघितलं, तशी तिनं घाईघाईनं एक चिठ्ठी चिकटवली. चाळणीवर 'पंप' अशी.

"किती दाब लागतो याला?"

"नऊ बार. विहिरीत नव्वद मीटर खाली जाल ना, तिथे पाण्याचा असतो तेवढा."

"एवढ्याशा कपासाठी?"

"आणि तोही पंचवीस-तीस सेकंदच. पण आधी… आधी कॉफी थोडी भिजू द्यायची. एकदम दाब दिला तर पाणी मधूनच वाट काढून पळतं, चव येत नाही."

"बरोबर आहे," तो चाळणीकडे बघत म्हणाला. "घाई करू नये."

त्यानं चाळणीवरची 'पंप'ची चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

तिसऱ्या शनिवारी सगळं साफ करून, पुसून, परत बसवलं. तिनं नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेतून, साहेबांना विचारून आणलेल्या कॅनमधलं पाणी टाकीत ओतलं. ऊर्ध्वपातित, स्वच्छ, कणभर क्षार नाही. बॉयलरमध्ये थर साचायलाच नको. त्यानं बटण दाबलं.

लाल दिवा. टाकी रिकामी आहे.

"पंप चालतो," तो पुटपुटला. "बॉयलर तापतो. तारा मी तीनदा बघितल्या. टाकीच्या कांड्या घासल्या. मग अडतंय कुठे?"

"होईल हो. पुढच्या शनिवारी बघू."

तो फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"पुढचा शनिवार बहुतेक शेवटचाच. दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीचं घड्याळांचं सर्व्हिस सेंटर आहे, तिथून बोलावणं आलंय. त्यानंतरच्या सोमवारी कळवायचंय. दुकान चालतं तसं… पण पळत नाही. कोणी थांब म्हणालं तर थांबेनही, पण —" त्यानं फडकं नीट चौकोनी घडी करून ठेवलं. "तुम्हाला काय वाटतं?"

शंकाच्या तोंडातून जे बाहेर आलं ते अहवालात टाइप करावं तसं होतं.

"संधी चांगली आहे."

"हो ना," तो म्हणाला.

"हो."

आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. वहिनीनं फोनवर विचारलं, "मशीनचं काय झालं गं?"

"सगळे भाग ठीक आहेत. तरी चालत नाही."

"आणि तुझं काय झालं?"

"तेच."

"मग त्याला सांगितलंस?"

"कोणाला?"

"शंका, मी तुझी वहिनी आहे. पाण्याचा नमुना नाही मी."

चौथ्या शनिवारी ती दुकानात आली ती रिकाम्या हातांनी. डोकं थाऱ्यावर नव्हतं. कॅन प्रयोगशाळेतच राहिला होता. घड्याळजीनं मशीन पुसून ठेवलं होतं, तिला परत न्यायचं म्हणून. मिक्सरवाल्या काकांचं खोकंही शोधून आणलेलं.

"शेवटचं एकदा बघू," तो म्हणाला. "पाणी?"

"विसरले."

"असू द्या." त्यानं टाकी पुसली, आपली प्यायच्या पाण्याची बाटली उघडली, साधं नळाचं पाणी, आणि ती टाकीत रिकामी केली. बटण दाबलं.

लाल दिवा लागला नाही.

पंप घरघरला. तबकडीतला काटा थरथरला. दोघंही जागच्या जागी खिळले. मग शंकानं हळूच खुर्ची ओढली आणि मटकन बसली.

"काय झालं?"

"माझं पाणी," ती म्हणाली. "टाकीच्या तळाशी त्या दोन कांड्या आहेत ना… पाण्यातून एकीकडून दुसरीकडे थोडीशी वीज गेली, की मशीनला कळतं पाणी आहे. पण वीज वाहायला पाण्यात काहीतरी विरघळलेलं लागतं. क्षार, मीठ, काहीतरी. मी आणत होते ते इतकं शुद्ध की…"

"की मशीनला दिसतच नव्हतं."

"टाकी भरलेली. आणि त्याला वाटतंय रिकामी आहे." तिनं चेहरा ओंजळीत लपवला. "पाण्यावर शिकले मी. चार शनिवार वाया घालवले तुमचे."

"वाया?" तो म्हणाला. एवढंच. पण असं म्हणाला, की तिनं ओंजळ बाजूला केली.

तो तिच्याकडे बघत नव्हता. टाकीतल्या पाण्याकडे बघत होता. टेबलाच्या कडेला कंपनीचं पत्र होतं, उघडलेलं, उत्तराची वाट बघत.

"मागच्या शनिवारी," ती म्हणाली, आणि थांबली. "मागच्या शनिवारी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी जे बोलले ना… तेही तसंच होतं. फार शुद्ध. त्यात काहीच नव्हतं विरघळलेलं."

"मग खरं काय होतं?"

आता शंका काढायला जागा नव्हती.

"जाऊ नकोस."

घड्याळजीनं वर बघितलं. भिंगाशिवाय, दोन्ही डोळ्यांनी.

"'नका' म्हणालात की 'नकोस'?"

"ऐकू आलं आहे तुम्हाला."

"आलं. पण पुन्हा एकदा खात्री करून घेतलेली बरी. तुमच्याकडे नमुना दोनदा तपासतात ना?"

"तीनदा," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच. "नकोस. नकोस जाऊस."

त्यानं तिनं दुसऱ्या शनिवारीच आणून ठेवलेल्या, वहिनीनं पाठवलेल्या पुड्यातली कॉफी मोजून चाळणीत घातली, हलकेच दाबली, दांडी फिरवून घट्ट बसवली. खिळ्यावरचं एक जुनं स्टॉपवॉच तिच्या हातात दिलं. बोटांना बोटं लागली. स्टॉपवॉच क्षणभर दोघांच्याही हातात राहिलं.

"आधी भिजू द्यायची ना?" त्यानं विचारलं.

"हो. मग दाब."

काटा चढत चढत नऊवर जाऊन उभा राहिला. नळीच्या तोंडाशी एक गडद थेंब जमला, मग मधाच्या रंगाची बारीक धार पडू लागली, आणि घड्याळाच्या तेलाचा वास असलेल्या त्या दुकानात पहिल्यांदाच दुसरा एक वास पसरला. अठ्ठावीस सेकंद झाले. तिनं स्टॉपवॉच थांबवायचं होतं. थांबवलं नाही. कप काठोकाठ भरला.

कॉफी कडू जहर झाली होती. दोघांनी एकाच कपातून, आळीपाळीनं, शेवटपर्यंत प्यायली.

"आणि तुमचं उत्तर?" तिनं शेवटी विचारलं.

"सोमवारी कळवतो म्हणालो होतो ना."

"पण… सोमवार परवा आहे."

"ते त्यांना," तो म्हणाला. पत्राची घडी घालून त्यानं ती खोक्यात टाकली आणि खोकं पायानं टेबलाखाली सरकवलं. "तुला आत्ताच सांगतो."

तो 'तुला' म्हणाला, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.