मागच्या ट्रॉलीवरचा म्हातारा

बिभीषणाला उसाच्या दोन ट्रॉल्या कारखान्यावर न्यायच्या होत्या, बाकी काही नाही. ट्रॅक्टरवर हा, आणि पार मागच्या ट्रॉलीत उसावर त्याची बायको सविता, गाठोड्यागत अंग मुडपून बसलेली. मागं ना लाल दिवा, ना चमकपट्टी. कुणी टोकलं की बिभीषण म्हणायचा, "एवढी दोन घरं चालल्यात रस्त्यानं, दिसत न्हाईत व्हय लोकांना?"

शेवगावच्या अलीकडं दिवस बुडाला, धुरळा नि अंधार एक झाला. तेवढ्यात ओळखीच्या मच्छिंद्रची प्रवासी जीप मागनं येऊन शेजारी आली.

"बरं केलंस भाऊ, मागं माणूस बसवला. लाल फडकं हलवतोय म्हातारा, म्हणून आमी वाचलो."

बिभीषण हसला. जन्मभर लोकांच्या टोप्या उडवलेला गडी; आपली कोण उडवतंय ते त्याला बरोबर कळायचं.

"बायकू हाय ती. लुगडं लाल हाय तिचं."

"लुगड्याला मिशा असत्यात व्हय?" म्हणत मच्छिंद्र पुढं गेला.

चहाच्या टपरीवर एक अनोळखी टेम्पोवाला आला आणि तोही तेच बोलला. मग मात्र बिभीषणाच्या डोक्यात किडा वळवळला. मोबाईलच्या उजेडात तो मागं गेला. ओल्या उसाचा गोडूस वास, वाऱ्यानं पाचट कुजबुजतंय. सविताशिवाय माणूस कुठंच नाही.

"सविते... तुझ्याजवळ कोन बसलंय?"

"कोन न्हाई." तिनं पदर नाकाला लावला. "पर मघाधरनं विडीचा वास येतोय. म्हनलं, तुमीच वढताय."

बिभीषण तंबाखूवाला. विडी त्यानं कधी ओठाला लावली नव्हती.

"एक ट्रक पार अंगावर आल्ता," ती हळूच म्हणाली. "मी डोळंच मिटलं. मग थांबला... कुनाला बघून थांबला, काय म्हाईत."

दुसऱ्या दिवशी बिभीषणानं मुकाट्यानं मागं दिवे लावले, पट्ट्या चिकटवल्या, सविताला घरी ठेवलं. संध्याकाळी त्याच रस्त्याला मच्छिंद्र भेटला, तेव्हा यानंच हात करून जीप थांबवली.

"आज दिसला का रं म्हातारा मागं?"

"मागं कशाला दिसंल?" मच्छिंद्र म्हणाला. "पुढं घेतलायस न्हवं त्याला. ह्यो काय, तुझ्या उजव्या अंगाला, मडगार्डवर."

जीप निघून गेली. बिभीषणानं उजवीकडं मान वळवली नाही. समोर तेवढं पाहिलं, तर ट्रॅक्टरचा उजवा दिवा कधी विझला होता कोण जाणे. समोरून सुसाट येणारी एसटी मात्र लांबूनच रस्त्याखाली उतरली, वाट सोडून उभी राहिली.

विडीचा वास आला.