मनबहादूरचा चहा

“आमा, घाम थांबला ना, की मग एक पाऊलपण टाकायचा नाय. तिथंच बसायचा. सावली असली तर सावलीत, नसली तर उन्हात. पण बसायचा.”

मनबहादूर हे सांगायचा तेव्हा वासंतीकाकू हसायच्या. बर्फाच्या डोंगरातून आलेला नेपाळी राखणदार मालगुंडच्या बाईला ऊन शिकवतो! सहा वर्षं तो त्यांच्या हापूसच्या बागेची राखण करत होता. कार्तिकात यायचा, ज्येष्ठ लागला की जायचा. उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती, तरुणपणी बर्फानं नेलेली. गार पाणी लागलं की ती दुखत. म्हणून भर वैशाखात, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सड्याचा कातळ तापलेला असतानाही, त्याला आल्याचा कढत चहाच लागे. काकूंचे यजमान परशुरामभाऊ त्याला चिडवत, “अरे, तुझ्या पोटात आढी घातली तर आंबे दोन दिवसांत पिकतील!”

एकदा असाच चहा पिता पिता तो म्हणाला होता, “बर्फात माणूस मरायला लागला ना, त्याला उकडतो. कपडा काढून ठेवतो. आणि उन्हात मरायला लागला तर थंडी वाजते. शेवटी अंग खोटं बोलतो, आमा. तेव्हा त्याचं ऐकायचा नाय.”

गेल्या ज्येष्ठात निघताना म्हणाला, “कार्तिकात येतो. चहा ठेवा.”

“तू ये तर खरा. सड्यावर आणून देईन.”

कार्तिक गेला. तो आला नाही, फोनही लागेना. “गेला असेल दुसऱ्या बागेत,” भाऊ म्हणाले. काकूंनी रोज पूजेत त्याच्या नावाचं एक फूल वाहिलं.

पाडव्याला त्यांचं नेहमीचं व्रत सुरू झालं. अक्षय्यतृतीयेपर्यंत रोज अनवाणी पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर जायचं आणि काजूच्या झाडाखालचा माठ विहिरीच्या पाण्यानं भरायचा. वाटसरूनं प्यावं, पितरांना पोचावं. माठ भरेपर्यंत आपण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सव्वीस वर्षांत खंड नव्हता.

यंदा मात्र माठ रिकामाच होईना. काकूंना वाटलं, वर्दळ कमी असेल. मग बागेतला गडी शिवा म्हणाला, “काकी, फ्रिजातला पानी वततांव काय? एक घोट घेतला नि बोटं दुकाय लागली.”

“दात म्हण, दात.”

“दात नाय हो. बोटं.”

काकूंनी माठाला तळवा लावला. माठ गार असतोच, पण हा गारवा मातीचा नव्हता. दरसाल माठाच्या ओल्या बुडाशी घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या यंदा हातभर लांब थांबत होत्या. माठावर झुकलेली काजूची फांदी तेवढी काळी पडली होती. उन्हानं करपली, असं शिवा म्हणाला. काकूंनी मान हलवली.

तृतीयेला चार दिवस होते. त्या दिवशी आंब्याच्या पेट्यांची गाडी भरता भरता साडेअकरा वाजले. काकूंनी भरलेली कळशी कमरेवर घेतली.

“अगं, पाणी पिऊन जा,” भाऊ म्हणाले. “देव काय घड्याळ लावून बसलाय?”

“देव नाही हो, मी बसल्ये.”

पाखाडी संपली आणि सडा लागला. पांढरं, डोळे दिपवणारं ऊन. वाळल्या गवताचा करपट वास. खाली समुद्र पत्र्यासारखा चकाकत होता. तळपाय सवयीचे होते, तरी त्या दिवशी उचलून उचलून टाकावे लागले. घाम डोळ्यांत उतरून झोंबत होता. काकू रोजचं स्तोत्र पुटपुटत चालल्या होत्या.

काजू नजरेत आला तेव्हा डोळ्यांची झोंब थांबली. बरं वाटलं. कपाळ पुसायला हात नेला, तर कपाळ पापडासारखं कोरडं.

स्तोत्राची पुढची ओळ आठवेना. मागची म्हटली, तीही अर्धीच आली.

मग अंगावर शहारा आला. पदर घट्ट लपेटून घ्यावासा वाटला. थंडी वाजत होती.

एक पाऊलपण टाकायचा नाय.

काकू बसल्या. भर उन्हात, काजूपासून वीस पावलांवर. कळशी मांडीला टेकलेली, पाणी आत डुचमळत होतं. जीभ टाळूला चिकटली होती. पण माठ भरला नव्हता, म्हणजे ते पाणी आपलं नव्हतं.

मागून मानेवर हात आले.

इतके गार, की भाजल्यासारखं झालं.

डाव्या बाजूला चार बोटं. उजव्या बाजूला दोन पुरी, दोन अर्धी.

काकूंनी वळून पाहिलं नाही. “आलास?” एवढंच म्हणाल्या.

कानाशी कुणीतरी कुडकुडत होतं. दातांवर दात आपटत होते.

एक वाजता शिवाला त्या दिसल्या, काजूच्या सावलीत, खोडाला टेकलेल्या. शेजारी कळशी रिकामी. माठ काठोकाठ भरलेला.

दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, “काकू, थोडक्यात वाचलात. बर्फ लावला ते बरं केलंत, पण फडक्यात गुंडाळून लावायचा असतो. थेट कातडीला लावला की असे फोड येतात.”

“सड्यावर बर्फ कुठला, डॉक्टर?” भाऊ म्हणाले.

तिनं पुन्हा मान पाहिली. बोटानं एकेक फोड मोजत गेली, आणि उजवीकडे येऊन थांबली.

काकू दवाखान्यात होत्या ते दिवस माठ भाऊंनी भरला. तो भरेपर्यंत रोज तेही पाणी प्यायले नाहीत. काकूंना हे शिवाकडून कळलं, तेव्हा त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

तृतीयेच्या आदल्या दिवशी त्या घरी आल्या. संध्याकाळी मनबहादूरचा गाववाला आला, शेजारच्या बागेतला राखणदार. गावाकडून निरोप फार उशिरा पोचला होता त्याला. “इकडे यायलाच निघाला होता तो, कार्तिकात. खिंडीत बर्फ पडला. सापडला तेव्हा कोट घडी करून बाजूला ठेवलेला.”

“अरे, स्वतःच सांगायचा की…” भाऊ म्हणाले.

काकूंचा हात मानेवर गेला. त्याला तिथं, अंगाचं ऐकू नको, म्हणणारं कुणी नव्हतं. तरी तो यायचा तिथं आलाच. आणि गार पाण्यानं ज्याची बोटं दुखत, त्याच्यापुढं आपण महिनाभर काय ठेवत होतो?

तृतीयेला त्यांनी आलं किसलं. चहा उकळून पितळी किटलीत भरला आणि किटली घोंगडीत गुंडाळली.

“गुरुजी विचारतील, उदककुंभ त्याच्याही नावानं द्यायचा का,” भाऊ म्हणाले. “गोत्र ठाऊक नाही आपल्याला.”

“गुरुजींना घरच्या पितरांचा करू दे. ह्याचं नि माझं बोलणं झालेलं आहे.”

“मग ऊन उतरल्यावर जा. मी येतो बरोबर.”

“तो दुपारीच प्यायचा हो. आणि मी काही लांब जात नाही.”

भाऊंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. माठ त्यांनी सकाळीच भरला होता. काकू दोन पेले पाणी प्यायल्या, देवापुढं हात जोडले आणि परसदारी आल्या. दुपारचे बारा वाजले होते. अंगणात चिमणीसुद्धा नव्हती.

पाखाडीची पहिली पायरी भाजली. दुसरी भाजली.

तिसरी गार होती.

काकूंनी किटली छातीशी धरली. “इतक्या खाली कशाला आलास? येतच होत्ये,” त्या हळूच म्हणाल्या. शब्दांबरोबर ओठांपुढं पांढरी वाफ दिसली, आणि काकू चढू लागल्या.